अनाजीपंत गेले, वतन राहिले : मालिकेतला दरबार आणि मुळशीतली गावकी

मुळशी तालुक्यात पौडच्या बाजारपेठेत, पिरंगुटच्या कंपन्यांच्या गेटवर किंवा भूगावच्या चहाच्या टपरीवर थोडा वेळ उभे राहिले, की एक चर्चा हमखास कानावर येते. पात्रे टीव्हीवरची असतात, पण बोलणारे त्यांच्याविषयी भावकीतल्या माणसांसारखे बोलतात. सोयराबाईंना खरेच सगळे माहीत होते का? मोरोपंत फितूर होते की फसवले गेले? कवी कलशावर महाराजांनी एवढा विश्वास का टाकला? आणि सगळ्या चर्चेच्या शेवटी येणारे ठरलेले नाव म्हणजे अनाजीपंत.

'स्वराज्यरक्षक संभाजी' ही मालिका झी मराठीवर २४ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाली आणि २९ फेब्रुवारी २०२० रोजी संपली. संपून इतकी वर्षे झाली तरी तिच्यातला दरबार लोकांच्या बोलण्यातून उठलेला नाही. 'अनाजीपंत' हा शब्द तर थेट राजकीय सभांच्या व्यासपीठावर जाऊन बसला. ऑफिसात साहेबाचे कान भरणारा, पक्षात पडद्यामागून सूत्रे हलवणारा, सोसायटीच्या निवडणुकीत दोन्हीकडे बोट ठेवणारा, असे सगळे आता अनाजीपंत झाले आहेत.

आमची मुलेही या चर्चेत आहेत. असायलाच हवीत. इतिहासावर बोलणे हा कुणा एका जातीचा मक्ता नाही. पण ही चर्चा जिथे थांबते, तिथून पुढचे बोलणे आम्हाला गरजेचे वाटते. कारण मालिकेचा प्रेक्षक एकच प्रश्न विचारतो, खुर्चीवर कोण बसणार? आंबेडकरी माणसाने त्याच्या आधीचा प्रश्न विचारला पाहिजे. ही खुर्ची केली कोणी, तिच्यावर बसण्याचा अधिकार कोणाला होता, आणि तिचे पाय कोणाच्या खांद्यावर टेकले होते?

दरबारात काय घडले?

आधी घटना नीट पाहू. ३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराजांचे रायगडावर निधन झाले. संभाजीराजे तेव्हा पन्हाळ्यावर होते. रायगडावरच्या कारभाऱ्यांनी दहा वर्षांच्या राजारामांचे मंचकारोहण उरकले. यात सचिव अण्णाजी दत्तो पुढे होते, पेशवे मोरोपंत पिंगळे सामील होते. हे दोघे संभाजीराजांना कैद करायला पन्हाळ्याकडे निघाले, तेव्हा सरनोबत हंबीरराव मोहित्यांनी त्यांनाच धरले. हंबीरराव सोयराबाईंचे सख्खे भाऊ, म्हणजे राजारामांचे मामा. तरीही ते संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले. मालिकेला यापेक्षा अधिक नाट्य काय हवे?

१६ जानेवारी १६८१ रोजी संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला. कैदेतल्या कारभाऱ्यांना सोडले गेले, अण्णाजींना पुन्हा मोठे पद मिळाले. त्याच वर्षी दुसरा कट उघड झाला. या वेळी अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद, बाळाजी आवजी चिटणीस आणि इतरांना देहान्त शिक्षा झाली. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संभाजीराजे संगमेश्वरी पकडले गेले आणि ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने त्यांची हत्या केली.

प्रेक्षक या घटना विश्वासू आणि फितूर अशा दोन रकान्यांत मांडतो. एक बाजू म्हणते, कारभारी जातीने फितूर होते. दुसरी बाजू म्हणते, राजाच तापट होता. दोघांच्याही मते प्रश्न माणसांच्या स्वभावाचा आहे. माणूस बदलला असता तर सगळे सुरळीत झाले असते, असे दोघेही गृहीत धरतात.

पण अण्णाजी दत्तो गेले, तेव्हा मावळातल्या गावात काय बदलले? पाटील बदलला? कुळकर्णी बदलला? गावाबाहेरचा महारवाडा गावात आला? यातले काहीच झाले नाही. अनाजीपंत गेले, वतन राहिले. आमच्यासाठी इतिहास इथून सुरू होतो.

लेखणीचाही एक हुद्दा असतो

मालिकेचे एक श्रेय मान्य केले पाहिजे. संभाजीराजे म्हणजे व्यसनी आणि बेजबाबदार राजपुत्र, ही प्रतिमा पिढ्यानपिढ्या नाटक-कादंबऱ्यांनी पोसली होती. वा. सी. बेंद्रे यांनी १९६० साली आणि कमल गोखले यांनी १९७१ साली कागदपत्रांच्या आधारे ती खोडली. हे संशोधन ग्रंथालयात पडून होते, मालिकेने ते घराघरांत नेले. चांगले झाले.

पण ती बदनामी आली कुठून, हा प्रश्न मालिकेच्या चाहत्यांनी किती वेळा विचारला? तिचा एक मोठा उगम मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीत आहे. ही बखर संभाजीराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिली गेली. आणि हे मल्हार रामराव कोण? ज्या बाळाजी आवजी चिटणिसांना संभाजीराजांनी देहान्त शिक्षा दिली, त्यांचेच वंशज.

यात वैयक्तिक सूड शोधत बसण्याचे कारण नाही. पाहायचे आहे ते वेगळेच. माणूस मारला गेला, पण त्याच्या घरातली चिटणिशी मेली नाही. लेखणीचा हुद्दा वारसाने खाली उतरत राहिला आणि सव्वाशे वर्षांनी त्याच हुद्द्यावरून राजाचा निवाडा लिहिला गेला. तलवारीने हरलेली बाजू दप्तरात जिंकली.

ज्याच्या घरी दप्तर नाही, त्याच्या पूर्वजाचे काय होते, हे आम्ही वढू बुद्रुकला पाहिले आहे. संभाजी महाराजांच्या देहाचे विखुरलेले भाग गोळा करून अंत्यसंस्कार करणारे गोविंद गोपाळ महार, ही आमच्या समाजाने जपलेली परंपरा आहे. मालिका सुरू होऊन तीन महिने झाले होते. प्रेक्षक रोज संभाजीराजांसाठी हळहळत होता. त्याच काळात, २९ डिसेंबर २०१७ रोजी, वढूमध्ये गोविंद गोपाळांच्या समाधीजवळच्या फलकाची मोडतोड झाली आणि १ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगावला जाणाऱ्या लोकांवर दगड पडले. पडद्यावरच्या संभाजीराजांसाठी रडणारा महाराष्ट्र त्यांच्या चितेशी उभ्या असलेल्या महाराचे नाव मात्र एका फलकावर सहन करू शकला नाही. आम्हाला पुरावा मागणाऱ्यांनी आधी हे सांगावे, की पुरावा ठेवण्याचा हुद्दा आम्हाला कधी दिला होता?

हुद्दा आणि वतन

दरबारातल्या सत्तासंघर्षाचा खरा कणा कोणता? शिवाजी महाराजांनी ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधान नेमले. आठ हुद्दे होते. त्यांतले सात ब्राह्मणांकडे होते आणि सेनापतीचा एक मराठ्याकडे. हे वास्तव झाकण्याचे कारण नाही. पण महाराजांच्या धोरणात एक फार मोठी गोष्ट होती. हुद्दा ही चाकरी आहे, मालमत्ता नाही. कामाचा रोख पगार मिळेल, नवे वतन मिळणार नाही. बापाची जागा मुलाला हक्काने मिळणार नाही.

या धोरणाला पहिले तडे मोरोपंतांनंतर त्यांचे पुत्र निळोपंत पेशवे झाले तेव्हाच दिसू लागले होते. १६८९ नंतर स्वराज्य संकटात आले, राजाराम महाराज जिंजीला गेले, आणि सरदारांना आपल्या बाजूला ठेवण्यासाठी वतने व सरंजाम द्यावे लागले. शाहूकाळात उरलासुरला बांधही फुटला. १७१३ साली बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले, १७२० साली त्यांचा वीस वर्षांचा मुलगा बाजीराव, १७४० साली नातू नानासाहेब. हुद्द्याचे वतन झाले. सातारचा छत्रपती नावापुरता उरला आणि पुण्याचा शनिवारवाडा मालक झाला.

पुढे त्याच शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याचा खून झाला. या काळावरही मालिका निघतात, आणि चाहते राघोबा बरोबर की चूक, आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला की नाही, यावर रात्र काढतात. पण पद वारशाने मिळते म्हटल्यावर वारसाचा खून ही बढतीची पायरी होते, ही साधी गोष्ट कुणी बोलत नाही. दोष एकट्या आनंदीबाईंचा नाही. दोष वारशाने मिळणाऱ्या सत्तेचा आहे.

आपल्या खोऱ्यातले हुद्दे

आता रायगड आणि शनिवारवाड्यावरून मुळशीत उतरू. हा सगळा मावळाचा मुलूख. मुठा खोऱ्यात मारणे देशमुख, मोसे खोऱ्यात पासलकर देशमुख. बाजी पासलकर याच मोसे खोऱ्याचे. खोऱ्यावर देशमुख व देशपांडे, गावात पाटील व कुळकर्णी, आणि त्यांच्या खाली बलुतेदार. देशमुख आणि पाटील माणसांवर हुकूम चालवणार, देशपांडे आणि कुळकर्णी कागदावर. ही रचना दरबारापेक्षा जुनी होती आणि दरबार बुडाल्यावरही टिकली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही वतनदारांना राज्यातले छोटे भागीदार मानून त्यांच्याकडे सावधपणे पाहायला सांगितले आहे.

गावातही सत्तासंघर्ष होता, आणि तो दरबारापेक्षा कमी भयानक नव्हता. एका पाटीलकीसाठी दोन भावक्या पिढ्यानपिढ्या भांडत. गोतसभा बसे, साक्षी होत, महजर लिहिले जात. निवाडा होईना तर दिव्य करावे लागे, म्हणजे उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने बाहेर काढायचा. हात भाजला नाही तर पाटीलकी तुमची. शेतसाऱ्यातला वाटा, गावातला मान, सणावाराला पहिला हक्क, एवढे सगळे त्या एका हुद्द्याला चिकटलेले होते.

महारकी हाही हुद्दाच होता. गावाची शीव महाराला माहीत. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष महत्त्वाची. साऱ्याची रक्कम तालुक्याच्या ठाण्यात पोचवताना तो सोबत जाणार. सरकारी माणूस आला की त्याचा घोडा, त्याचे ओझे, त्याचा निरोप महाराने पाहायचा. रात्रीची राखण त्याची, मेलेले ढोर ओढणे त्याचे. बदल्यात थोडी वतनी जमीन आणि दारोदार मागून आणायचे बलुते. आपल्याकडे बावन्न हक्कांची कथा सांगितली जाते ती याच हुद्द्याची.

किल्ल्यावर पाहा. घनगड आणि कोराईगड आपल्याच तालुक्यात उभे आहेत. शिवकाळात किल्ल्यावर हवालदार मराठा, सबनीस ब्राह्मण आणि कारखानीस प्रभू नेमण्याची पद्धत होती. कुणा एकाच्या हातात किल्ला जाऊ नये म्हणून तीन जातींत सत्ता वाटून दिली. किल्ल्याच्या घेऱ्यात, जंगलाच्या तोंडाशी महार, रामोशी, मांग पहारा देत. शत्रू आधी त्यांना भेटणार, आणि निर्णयात मात्र त्यांना कधीच विचारले जाणार नाही. तटाच्या आत सत्तेचा समतोल होता. तटाच्या बाहेर फक्त चाकरी होती.

आता पेशव्याचे पद आणि महारकी शेजारी ठेवून पाहा. दोन्ही हुद्दे वारशाने आले. वरच्याला वारसा मिळाला तेव्हा त्याची सत्ता झाली. खालच्याला वारसा मिळाला तेव्हा त्याची गुलामी झाली. वरच्या हुद्द्यासाठी माणसे एकमेकांना मारत होती. खालच्या हुद्द्यातून सुटण्यासाठी माणसाला गाव सोडून पळावे लागत होते. नियम एकच, पण वर त्याचे फळ राज्य आणि खाली त्याचे फळ ढोर. जातीची श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती हीच.

बाबासाहेबांनी मुळावर घाव घातला

इंग्रज आले आणि शनिवारवाडा रिकामा झाला. पण गावचे वतन त्यांना सोयीचे होते. फुकटात राबणारा माणूस कोणत्या सरकारला नको असतो? १८७४ साली त्यांनी वतनांचा कायदा केला. त्या कायद्याचे नावच मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा असे होते. म्हणजे महाराचे राबणे आता इंग्रजी कायद्यानेही वंशपरंपरागत झाले.

कचेरीतली सत्ता कशी चालते, हे जोतीरावांनी कोणत्याही मालिकेपेक्षा आधी आणि नेमके सांगितले आहे. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी सरकारी खात्यांत कोण बसले आहे, कागद कोणाच्या हातात आहे आणि शेतकरी त्या दारात कसा नागवला जातो, हे खात्यामागून खाते दाखवले. छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापुरात कुळकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले आणि त्याच वर्षी महार वतनही बरखास्त केले. बहुजनांवर सत्ता चालवणारा हुद्दा आणि अस्पृश्यांना बांधून ठेवणारा हुद्दा, दोन्ही एकाच वर्षी मोडले. याला आम्ही इतिहास म्हणतो.

बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्यांचे म्हणणे सरळ होते. वतनदार महाराच्या कामाला वेळ नाही, मर्यादा नाही आणि पुरेसा मोबदलाही नाही. तो स्वतः नसला तर त्याच्या घरातल्या माणसाने राबायचे. बलुते गावकऱ्यांच्या मर्जीवर, म्हणून महाराने मान वर केली की त्याच्या चुलीवर बहिष्कार. म्हणून बलुत्याऐवजी रोख मोबदला द्या, आणि ज्याला हवे त्याला पूर्ण सारा भरून जमीन स्वतःची करून या चाकरीतून मोकळे होऊ द्या. सभागृहात विरोध झाला, विधेयकाचे रूप बिघडवले गेले आणि १९२९ साली बाबासाहेबांना ते मागे घ्यावे लागले. लढा थांबला नाही. डिसेंबर १९३९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या हरेगावला महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद त्यांच्याच उपस्थितीत झाली. शेवटी कनिष्ठ गाव वतने रद्द करण्याचा कायदा १९५८ चा, आणि तो लागू झाला १ ऑगस्ट १९५९ रोजी. तोवर बाबासाहेब आपल्यात नव्हते.

एकतीस वर्षे चाललेल्या या संघर्षात कट आहे, फितुरी आहे, सभागृहातले डावपेच आहेत, घराघरांतला बहिष्कार आहे. नाट्य हवे असेल तर ते इथे भरपूर आहे. पण मालिकेच्या कॅमेऱ्याला दरबारातल्या भरजरी कपड्यांची सवय लागली आहे.

बडोद्याची कचेरी

कुणी म्हणेल, बाबासाहेबांवरही मालिका आल्या की! हो, आल्या. स्टार प्रवाहवर २०१९ साली 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा' सुरू झाली आणि आमच्या वस्त्यांनी ती डोक्यावर घेतली. २०२० साली सोनी मराठीवर 'सावित्रीजोती' आली, आणि प्रेक्षकसंख्या पुरेशी नाही म्हणून त्याच वर्षाच्या डिसेंबरात बंद झाली. संभाजीराजांच्या मालिकेला अडीच वर्षे, जोतीराव-सावित्रीला वर्षही पुरे नाही. याचा दोष केवळ वाहिनीला देऊन चालणार नाही. त्या वेळेला आपल्या घरातला रिमोट कुठे वळत होता, हेही विचारावे लागेल.

बाबासाहेबांच्या चरित्रातला बडोद्याचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. १९१७ साल. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस बडोदा संस्थानात अधिकारी म्हणून रुजू होतो, आणि हाताखालचा शिपाई त्याच्या टेबलावर लांबून फाइली फेकतो. शहरात राहायला जागा मिळत नाही. पारशी वसतिगृहातून काठ्या घेऊन आलेले लोक त्यांना बाहेर काढतात. ऑफिसातला सत्तासंघर्ष म्हणतात तो हा! हुद्दा वरचा, शिक्षण वरचे, महाराजांची नेमणूक, आणि तरीही फाइल फेकणाऱ्याचा हात वर. कारण त्या कचेरीत हुद्द्याच्या वर आणखी एक हुद्दा होता, जन्माचा.

दरबारी मालिकेतले कारभारी एकमेकांना हरवतात तेव्हा हरणाऱ्याचा हुद्दा जातो, पण त्याचे माणूसपण जात नाही. बाबासाहेबांच्या हातात हुद्दा असताना त्यांचे माणूसपण नाकारले गेले. हा फरक ज्याला कळला, त्याला सगळ्या ऐतिहासिक मालिका वेगळ्या दिसू लागतील.

धरणाच्या पाण्याखालचा कागद

मुळशीचे नाव देशाच्या इतिहासात आहे ते सत्याग्रहामुळे. टाटा कंपनीने मुळा-नीळा खोऱ्यात धरण बांधून पाणी भिऱ्याला नेण्याचे आणि त्या विजेवर मुंबई चालवण्याचे ठरवले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी धरणाच्या कामावर बसून सत्याग्रह सुरू केला. पां. म. बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांची नावे या लढ्याशी कायमची जोडली गेली आणि बापट 'सेनापती' झाले. लढा १९२४ पर्यंत चालला, आणि धरण झाले.

या लढ्याच्या पराभवाचे एक कारण दप्तरात होते. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनींवर पुण्याच्या सावकारांची नावे चढली होती. कसणारा मावळा आणि कागदावरचा मालक वेगळा. भरपाईचा दर वाढला की कागदावरच्या मालकाचे भांडण मिटते. कसणाऱ्याचे मात्र गाव बुडते. कब्जेदार कोण, हे कागद ठरवतो, आणि कागद लिहिण्याचा हुद्दा कोणाच्या घरात होता हे आपण वर पाहिलेच.

त्याहून खालच्या पायरीवर बलुतेदार होता. त्याचा मुख्य हक्क गावावर होता, जमिनीच्या तुकड्यावर नव्हे. गावच बुडाले, तर बलुत्याची भरपाई कोणत्या खात्यातून द्यायची? बलुत्याला सर्व्हे नंबर नसतो. ज्यांना आपण सत्याग्रहाचा अभिमान सांगतो, त्यांनी या प्रश्नाचाही अभ्यास करावा. अभिमान आम्हालाही आहे. तो अर्धा असू नये एवढेच.

आजचा दरबार

आज मुळशीत सत्तासंघर्ष कुठे आहे? तो सातबाऱ्यावर आहे. हिंजवडी आणि माण याच तालुक्यातली गावे, तिथे आयटी पार्क उभा राहिला. मोसे खोऱ्यात लवासा उभी राहिली आणि तिच्या जमिनींवरून, त्यांत कातकरी बांधवांच्याही जमिनी आल्या, वर्षानुवर्षे वाद चालले. भूगाव, पिरंगुट, सूस, बावधनच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. २०१८ च्या 'मुळशी पॅटर्न' सिनेमाने जमीन विकून उद्ध्वस्त झालेल्या शेतकऱ्याच्या मुलाची कथा सांगितली. ती वेदना खरी आहे. पण ज्याच्या बापाकडे विकायलाही जमीन नव्हती, किंवा होती ती वतनाची आणि कागदात अडकलेली, त्याचा पॅटर्न अजून पडद्यावर यायचा आहे.

१९५९ च्या कायद्याने महार वतनाची जमीन आकारणीच्या ठरावीक पटीत रक्कम भरून वतनदारांना परत देण्याची तरतूद केली, पण नवीन अटीवर. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय ती विकता येत नाही. ही अट आपल्या संरक्षणासाठी आहे. पण कागद न वाचणाऱ्या वारसाला तीच सापळाही ठरते. ज्यांना रक्कम भरता आली नाही, त्यांच्या जमिनी सरकारजमा राहिल्या. दलाल येतो, दहा-बारा वारसांच्या सह्या घेतो, हातावर किरकोळ रक्कम टेकवतो आणि परवानगीचे आम्ही बघतो म्हणतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यातल्या मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतन जमिनीचा व्यवहार गाजला, गुन्हे दाखल झाले, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तो व्यवहार मोठा होता म्हणून बातमी झाली. गुंठ्या-गुंठ्याने जाणाऱ्या वतनांची बातमी होत नाही.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे. मालिका जरूर पाहा. अनाजीपंतांवर जरूर वाद घाला. पण कोणताही दरबार पाहताना चार प्रश्न सोबत ठेवा. हा हुद्दा कोणाला मिळू शकतो? तो मुलाकडे वारशाने जातो का? प्रत्यक्ष राबतो कोण? आणि नोंद कोण लिहितो? हे चार प्रश्न रायगडाला लागू आहेत, शनिवारवाड्याला लागू आहेत, आणि आजच्या आमदार-खासदारांच्या घराण्यांनाही तितकेच लागू आहेत. आपल्या चळवळीतल्या गटातटांना आणि त्यांच्या आजन्म अध्यक्षांनाही लागू आहेत. तिथे हे प्रश्न विचारताना जीभ अडखळत असेल, तर वतनाची सवय आपल्यातही शिरली आहे असे समजा.

आणि मग पौडच्या तहसील कचेरीत जा. आपल्या आजा-पणजाच्या नावचा जुना सातबारा काढा. त्यावरचे फेरफार क्रमांक पाहून गाव नमुना ६ मधल्या त्या फेरफारांच्या नकला मागा. भोगवटादार वर्ग २ च्या जमिनींची नोंद गाव नमुना १-क मध्ये असते, ती पाहा. १९५९ नंतर जमीन परत मिळाल्याचा आदेश निघाला होता का, कोणाच्या नावे, किती रक्कम भरून, हे शोधा. सगळ्या वारसांची नावे लागली आहेत का, बहिणींची लागली आहेत का, हे तपासा. माहिती दिली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. एका वस्तीतल्या पाच मुलांनी मिळून हे केले, तर एका गावाच्या वतनाचा खरा इतिहास उभा राहील, आणि तो लिहिणारी लेखणी पहिल्यांदाच आपल्या घरातली असेल.

मल्हार रामरावांच्या घरात दप्तर होते, म्हणून त्यांच्या पूर्वजाची बाजू सव्वाशे वर्षांनीही मांडली गेली. गोविंद गोपाळांच्या घरात दप्तर नव्हते, म्हणून त्यांच्या नावाचा फलक २०१७ सालीही मोडता आला. आपले दप्तर आता आपण बांधायचे आहे.

जय भीम!